वरच्या गावाचं भुसकट

आमची नदी वरून येते, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. वरून म्हणजे कुठून, हे मात्र पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाईपर्यंत कधी विचारावंसं वाटलं नाही. मी लासूर स्टेशनच्या शाळेत शिकले. भूगोलात गोदावरीचा उगम पाठ केला, नर्मदेचा केला. ज्या पाण्यात आईनं माझी दुपटी धुतली, त्या पाण्याचा उगम कुणी परीक्षेत विचारला नाही. नकाशावर तिला नाव आहे, पुढं जाऊन ती शिवना नदीला मिळते. गावात आम्ही तिला नुसती नदी म्हणतो, घरातल्या म्हशीला म्हैस म्हणावं तसं.

कॉलेजात पर्यावरण शिकवणारे एक सर होते. त्यांनी आमची सहल कन्नडच्या बाजूच्या डोंगरात नेली. लेणी नाहीत, धबधबा नाही, नुसता उघडा डोंगर. मुलं कुरकुरत होती. सरांनी उतारावरचा एक ओहोळ दाखवला आणि त्याचं नाव सांगितलं. मी एकदम मोठ्यानं म्हणाले, "सर, ही तर आमची नदी!" सगळा वर्ग हसला. पुढं वर्षभर मला 'हिची नदी' म्हणून चिडवायचे. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग सांग, तुझ्या गावात पोचते तेव्हा कशी असते?"

मी सांगितलं. श्रावणात चहासारखी गढूळ येते आणि आली तशी ओसरते. संक्रांतीनंतर वाळूत डबकी उरतात. काठावरच्या ज्या विहिरीचं पाणी सगळं गाव पितं, तिचा तळ होळीला दिसायला लागतो. सरांनी बुटाच्या टोकानं पायाखालचा मुरूम उकरला. म्हणाले, "ही माती तुमच्या विहिरीच्या झऱ्यात जाऊन बसते. इथं गवत असतं तर पाणी थांबत थांबत खाली आलं असतं." वरच्या बाजूला एक शेळ्यांचा कळप चरत होता. मागं पांढरी दाढी असलेला एक माणूस, हातात फांद्या ओढायची आकडी. पुढं ज्यांच्याशी ओळख झाली ते चाचाच होते असं आज सांगायला मला आवडेल, पण खरं म्हणजे आठवत नाही.

त्या सरांचे माझ्यावर उपकार आहेत. वसतिगृहाच्या रेक्टर बाईंचेही आहेत, ज्यांनी मला पहिल्या महिन्यात रडताना पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात काम दिलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावी कुणी पाहिली नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, चौथीपर्यंत गेले. आई तर शाळेच्या भिंतीला शेण थापायला गेली तेवढीच. त्यामुळं पदवी मिळाल्यावर मला शहरातल्या एका छोट्या संस्थेत पाण्याच्या कामावर घेतलं, तेव्हा अण्णांनी गावात पेढे वाटले आणि काम काय आहे ते विचारणाऱ्याला सांगितलं, "नदीचं बघती."

शहरात मी एका खोलीत भाड्यानं राहते. नळाला पाणी येण्याचा वार ठरलेला, आणि तोही पुढंमागं होणारा. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. आलं नाही की टँकर. माझ्या घरमालकीण बाई टँकरवाल्याशी भांडतात, त्याला पैसे देतात आणि पुन्हा त्यालाच फोन करतात. त्यांचं भांडण ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की पाणी वाहून आणणाऱ्याला आपण मुकाट पैसे देतो, पण पाणी डोंगरात धरून ठेवणारा असेल तर त्याला काही द्यायचं असतं, हे आपल्या डोक्यातही येत नाही.

या मालकीण बाईंचं अजून एक सांगायला हवं. आई गावाहून त्यांच्यासाठी डब्यात धपाटे पाठवायची. तो डबा कधी रिकामा परत गेला नाही. कधी साखर, कधी दोन पेरू, घरात काहीच नसलं तर तळाशी चिमूटभर मीठ. आईही त्यांचा डबा तसाच भरून पाठवायची. दोघी एकमेकींना भेटल्या नव्हत्या, पण त्यांचं नातं त्या डब्यावर व्यवस्थित चाललं होतं.

आमच्या क्षेत्रात वरच्या गावाला मोबदला देण्याच्या या कल्पनेला मोठमोठी नावं आहेत. गावात ती कशी सांगावी म्हणून मी बरीच तयारी केली होती. मारुतीच्या पारावर बैठक बसली, वरचा डोंगर चराईला बंद ठेवणाऱ्यांना आपण काही द्यावं असं मी बोलले, आणि माझ्या चुलत्यांनी पहिल्याच फटक्यात सगळी हवा काढली.

"पाणी काय त्यांनी पाठवलंय व्हय? देवाचं पाणी. उतार हाय म्हणून येतंय. उताराचं भाडं द्यायचं का आता?"

पार हसला. अण्णा कोपऱ्यात बसले होते. ते सभेत बोलत नसत.

"टँकर लावतो तवा देतो ना आपण?" ते म्हणाले. "त्यानं तरी कुठं पाणी बनवलंय? मग जे डोंगरावर शेळ्या सोडायचं बंद करतील, त्यांचं पोट कसं चालंल, ह्ये कुणी बघायचं?"

"पोरीनं पढवलंय," चुलते म्हणाले.

"पढवलंय. त्यासाठीच शिकवली तिला."

इतक्या लोकांत अण्णांनी माझ्याबद्दल असं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी आजही दिवस काढते.

वरच्या गावातली बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. आमच्याकडून मी, अण्णा आणि चुलते. त्यांच्याकडून बचत गटाच्या ताई आणि शेळ्या पाळणारी घरं. या घरांपैकी बहुतेकांना जमीन नाही, शेळ्या आणि डोंगर हेच त्यांचं शेत. त्यांच्यातले मोठे चाचा. गावात सगळे त्यांना चाचाच म्हणतात. ते मराठी आणि दखनी एकाच वाक्यात बोलतात, आणि वाक्य कुठून कुठं वळेल ते त्यांच्या रागावर ठरतं.

मी रोख रकमेचा विषय काढला. ताईंनी लगेच हात वर केला. "नगद नको बाई. नगद आली की गड्यांच्या खिशात जाती. खिशातनं पुढं कुठं जाती, ते आमाला ठावं हाय."

"और बकरी नोट खाती क्या?" चाचा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "खाती. मेरी एक ने खाई थी. पण पोट नाय भरलं तिचं."

सगळे हसले आणि बोलणं सोपं झालं. ठरलं ते असं. मृगापासून दिवाळीपर्यंत डोंगराच्या उतारावर एकही शेळी सोडायची नाही. गवत वाढू द्यायचं, नंतर कापून आणायचं. तेवढे महिने शेळ्या गोठ्यात बांधून राहतील आणि त्यांचा चारा खालचं गाव देईल. शेळीला तुरीचं भुसकट आवडतं, हरभऱ्याचा भुसा चालतो, आणि आमच्या गावात मळणी यंत्रातून त्याचे डोंगर पडतात. थोडं आम्ही म्हशींना घालतो, थोडं विकतो, उरलेलं पेटवून देतो. म्हणजे आमच्याकडं जे जास्त होतं तेच त्यांना हवं होतं. मला वाटलं, याहून चांगला सौदा शोधून सापडणार नाही.

शेवटी अण्णा उभे राहिले. "खळं झालं की घरचं पोतं उचलायच्या आधी तुमचा ढीग बाजूला काढू. खळ्यावर या. पहिला मान तुमचा."

ताईंनी पदर सारखा केला. चाचांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जबान देतो. मिरगापासून डोंगरावर पाय नाय." खळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मग चहा आला.

माघात तुरी झाल्या. आता पूर्वीसारखी बैलांची पात फिरत नाही. यंत्र शेतातच येतं आणि धुरळा उडवून जातं, तरी त्या जागेला आम्ही खळंच म्हणतो. अण्णांनी बोलल्याप्रमाणं घरचं पोतं उचलायच्या आधी भुसकटाचा ढीग वेगळा केला. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. गावातल्या बऱ्याच जणांनी तसंच केलं. कधी नव्हे ते गाव एका शब्दावर चाललं होतं.

वरून कुणी आलं नाही.

मी फोन केले. ताई म्हणायच्या, "येतील, बघू." चाचांचा फोन त्यांची सून उचलायची आणि ते रानात गेलेत म्हणायची. फाल्गुन गेला, चैत्र गेला. हळूहळू लोकांनी आपापले ढीग उकलले. कुणी म्हशीला घातलं, कुणी वीटभट्टीवाल्याला दिलं. चुलते पारावर बसून म्हणायचे, "गरजच नाय त्यांना. आपणच मागं लागलोय." अण्णा मात्र रोज शेतात गेले की ताडपत्रीचे दगड नीट करत.

वैशाखात एकदा मी सुटीला गावी निघाले. लासूरला गाडीतून उतरले तर अण्णा स्टेशनवर न्यायला आलेले. बाजाराचा दिवस होता, त्यांना बैलासाठी कासरा घ्यायचा होता. जनावरांच्या बाजारातून जाताना ते मध्येच थांबले.

चाचा उभे होते. समोर दोरीला बांधलेल्या शेळ्या. चाचांचा आणि एका व्यापाऱ्याचा हात एकाच रुमालाखाली होता. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. आणि हात रुमालात असताना तिसऱ्यानं बोलायचं नाही, हा बाजाराचा कायदा लहान पोरालाही माहीत असतो.

अण्णांची नजर शेळ्यांच्या पोटावर गेली. बोकड विकायला येणं वेगळं. या शेळ्या गाभण होत्या. गाभण शेळी विकणं म्हणजे पुढचा कळपच विकणं.

"भाई," अण्णा म्हणाले, "या गाभण हायेत."

"हौ." चाचांनी मान वर केली नाही.

"गाभण शेळी कुणी बाजारात आणतं व्हय?"

"मिरग आया पास. डोंगर बंद. घर में चारा नै. क्या खिलाऊ, तुमच्या नदीचं पाणी?"

व्यापारी म्हणाला, "ओ दादा, सौदा चालू हाय. बाजूला व्हा."

अण्णा हलले नाहीत. मला त्यांच्या मनात काय आलं ते कळलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं. हा माणूस डोंगरावर शेळ्या सोडू शकला असता. आम्ही कुणी तिथं पहारा ठेवला नव्हता. पण शब्द मोडायचा नाही म्हणून त्यानं कळप मोडायला काढला होता.

"आमचा ढीग तसाच पडलाय," अण्णा म्हणाले. "ताडपत्रीखाली. तुम्हीच आला नाय."

आता चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं. "खळ्यावर कोण येतो भाऊ? मागणारा येतो. मैं डोंगर सोडू, बकऱ्या बांधू, आन् ऊपर से तुम्हारे खळे पे झोळी लेके खडा रहू? तुमच्या पोरीनं मदत मागितली तवा आम्ही तिला बसवून चहा पाजला. खडा नै किया."

हे ते मोठ्यानं बोलले नाहीत. आजूबाजूच्या गलक्यात ते फक्त आम्हाला आणि व्यापाऱ्याला ऐकू गेलं असेल. अण्णांनी रुमालाखाली हात घातला, चाचांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात बाहेर काढला.

"सौदा मोडला," अण्णा म्हणाले.

व्यापारी ओरडला. "दादा, दुसऱ्याच्या रुमालात हात घालता? वय झालं तुमचं! शोभतं का?"

"नाय शोभत," अण्णा म्हणाले. "माझं चुकलं. पण सौदा मोडला." मग चाचांना म्हणाले, "फुडल्या बाजारापर्यंत थांबा. तवर भुसकट दारात आलं नाय तर मीच तुमच्यासंगं हितं उभा राहतो शेळ्या विकायला."

चाचा शेवटी दोरी सोडायला वाकले आणि पुटपुटले, "उभा राहून काय करशील, तुला भाव तरी करता येतो का?"

कासरा घ्यायचा राहून गेला. घरी जेवताना अण्णांनी आईला सगळं सांगितलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "मी तर मानानं बोलावलं व्हतं. पहिला ढीग म्हणलं व्हतं. त्यात भीक कुठं आली?"

आईनं भाकरी उलटली. "तुम्ही उभं राहिलाच व्हता की. तुमच्या बापासंगं. मोठ्या मळ्याच्या खळ्यावर. तुम्हीच सांगितलंय मला. ऊन उतरलं तरी फडक्यात काय पडंना म्हणून."

"त्ये येगळं."

"कसं येगळं?"

मी ती गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आमच्याकडं आज जे थोडं रान आहे ते अण्णांनी आणि आजोबांनी दुसऱ्यांच्या रानात राबून, तुकड्या तुकड्यानं घेतलेलं. आपल्या खळ्यावर उभं राहून दुसऱ्याला पहिला ढीग देणं, यापेक्षा मोठं सुख अण्णांना ठाऊक नव्हतं. तेच सुख त्यांनी वरच्या गावाला भरल्या मनानं देऊ केलं होतं. समोर उभं राहणाऱ्याला ते कसं वाटतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण माणूस एकदा वाटणाऱ्याच्या बाजूला आला की त्याला वाट बघणाऱ्याची बाजू आठवावी लागते, ती आपोआप आठवत नाही. मला त्यांचा राग आला नाही. उलट त्यांनी जेवण अर्धं टाकून ताडपत्रीचे दगड काढायला शेताचा रस्ता धरला, तेव्हा मला त्यांचा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी पारावर पुन्हा बैठक. चुलते तयारच होते.

"खळ्यावरनं न्यायचं ठरलं व्हतं. पोचवायचं कुणी ठरवलं? आज पोचवा म्हणतेत, उद्या चारून द्या म्हणतील."

"तू येऊ नको," अण्णा म्हणाले. "तुझी ट्रॉली दे."

"माझी ट्रॉली मी सोडून कुणी हाकत नाय."

"मग ये."

ज्यांचे ढीग शिल्लक होते त्यांनी दिले. ज्यांनी विकून टाकले होते त्यांच्यापैकी काहींनी मका दिला, काहींनी नजर चुकवली. ट्रॉली भरली. भरली म्हणजे वर जाळी बांधून चढती भरली. मी जाळीवर बसले. तुरीचं भुसकट अंगाला किती खाजतं हे विसरले होते, वाटेत आठवलं.

रस्ता नदीच्या कडेकडेनं वर चढतो. वैशाखातली नदी म्हणजे नुसते गोटे. चुलते ट्रॅक्टर हाकता हाकता मागं वळून ओरडले, "बघ गं, हिच्यासाठी चाललोय आपण. हिला काय पत्ता तरी हाय का?" चढावर इंजिन धापा टाकायला लागलं तसे तेही गप्प झाले. कोरड्या पात्रात पुरानं आणून टाकलेल्या मातीचे थर वाटभर दिसत होते. ते त्यांनाही दिसत असणार.

वरच्या गावात पोचलो तर चाचा दारातच बसले होते. उठले नाहीत. ट्रॉलीकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं. "आया क्या," एवढंच म्हणाले. मग आत बघून ओरडले, "चाय रखो!" त्या ओरडण्यात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण गल्लीतली सगळी घरं बाहेर आली.

वाटणी ताईंनी केली. ज्याच्या दावणीला जास्त शेळ्या त्याला जास्त, जमिनीचा हिशोब नाही. अण्णांनी स्वतः पाट्या उचलल्या. चाचांच्या गोठ्यात पाटी रिकामी केली तेव्हा बाजारातल्याच त्या गाभण शेळ्या उठून उभ्या राहिल्या आणि भुसकटात तोंड घालून फुरफुरल्या. अण्णा तिथं जरा जास्तच वेळ उभे राहिले.

"बसा आता," चाचा म्हणाले. "खाके जाओ. बेटी, तू बी."

भाकरी, ठेचा, शेळीच्या दुधाचा चहा. जेवताना बाहेर फावड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं कुणाचं तरी बांधकाम चाललंय. हात धुऊन बाहेर आलो तर चुलते ट्रॉलीजवळ तोंड उघडं टाकून उभे होते. ट्रॉली लेंडीखतानं भरली होती. शेळ्यांच्या गोठ्यातलं, वर्षभर कुजलेलं, काळंभोर. रोहिण्या तोंडावर आल्या होत्या, रानात खत पसरायचे दिवस. असं लेंडीखत विकत घ्यायला आमच्या गावचे लोक लांब लांब जातात.

"भाई, ह्ये काय?" अण्णा म्हणाले. "ह्ये तर भुसकटापेक्षा भारी हाय."

"तोलना है क्या?"

"तोलायचं नाय, पण..."

"रिकामी गाडी वापस नै भेजते हमारे में."

अण्णांनी मान डोलावली. "आमच्यात बी नाय."

परतीच्या उतारावर चुलते एकटेच बोलत होते. ते खत कुणाच्या रानात टाकायचं, कसं वाटायचं, पुढल्या साली भुसकट पेटवणाऱ्याला पारावर बसू द्यायचं नाही. मी त्या काळ्या खतावर पोतं अंथरून बसले होते आणि मला आईचा डबा आठवत होता. आम्ही इतके महिने मोबदला, वाटा, मान असे शब्द शोधत होतो. जे हवं होतं ते आमच्या दोन्ही गावांच्या स्वयंपाकघरात आधीपासून होतं.

त्या मृगाला डोंगर बंद झाला. भाद्रपदात कुणाच्या तरी शेळ्या वर शिरल्या, भांडण झालं, ताईंनी मिटवलं. दिवाळीनंतर मी सरांनी दाखवलेल्या त्या उतारावर जाऊन उभी राहिले. गवत गुडघ्याला लागत होतं. त्या साली पाऊसही बरा झाला होता, म्हणून सगळं श्रेय मी गवताला देत नाही. पण गढूळ पाणी निवळायला आधी जेवढे दिवस लागत तेवढे लागले नाहीत, आणि होळीला विहिरीचा तळ दिसला नाही, हे आमच्या गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. कळशी भरणारीला ते बरोबर कळतं.

आता दर वैशाखात ट्रॉली वर जाते आणि भरून खाली येते. पुढं दोन झाल्या. वैजापूरकडच्या गावांतले लोक आम्हाला विचारायला येतात की तुमचा करार कसा लिहिला. मी त्यांना जे लिहिलंय ते दाखवते, आणि मग सांगते की पहिली ट्रॉली स्वतः घेऊन जा आणि जेवल्याशिवाय परत येऊ नका. शहरात माझ्या कार्यालयातले मोठे लोकही हे ऐकून घेतात. लासूरच्या शाळेतल्या मुलीचं म्हणणं टेबलाभोवती बसून ऐकलं जातं, याचं मला अजून नवल वाटतं आणि ज्यांनी मला तिथवर पोचवलं त्यांची आठवण येते.

यंदाच्या बाजारात मी पुन्हा अण्णांबरोबर होते. चाचा त्याच जागी उभे होते, पण दोरीला सगळे बोकड. त्याच शेळ्यांची, त्याच गोठ्यातली पैदास. तोच व्यापारी, तोच रुमाल. अण्णांना येताना पाहून त्यानं रुमाल छातीशी घेतला.

"दादा, औंदा लांबून बघा. हात खिशात ठेवा."

"माझे हात रिकामे कुठं हायेत," अण्णा म्हणाले. हातात कासरा होता.

"इनकू बी पूछ," चाचा व्यापाऱ्याला म्हणाले. "इन बोकडों में इनका बी भुसकट हाय."

व्यापारी कुरकुरत दोघांच्याही तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं रुमाल चाचांच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली सरकवला. अण्णा बाजारातल्या कायद्याप्रमाणं तोंड बंद ठेवून बाजूला उभे राहिले, आणि सौदा जमेपर्यंत त्यांनी बोकडांची दोरी धरून ठेवली.